खालच्या रानातलं कोनफळ

बेटावर ऐन पावसाळा जानेवारीत असतो. त्या जानेवारीच्या वादळात डोंगरावरच्या निकेलच्या खाणीची माती ओढ्याने उचलली आणि नेहेमी नावाच्या शेतकऱ्याच्या खालच्या रानात आणून टाकली. चौथ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा कोनफळाच्या वरंब्यांमधल्या सऱ्या लाल गाळाने गच्च भरल्या होत्या. नेहेमी पोटरीभर गाळात उतरून फावड्याने ओढत होता आणि त्याची बायको पेलाजी टोपल्या भरून बांधापलीकडे नेऊन टाकत होती. आठ दिवस हेच चाललं. हात कितीही धुतले तरी नखांच्या कडेला लाल रेघ राहायची. त्याच हातांनी पेलाजी पहाटे माळ घेऊन बसायची, घरातल्या एकेकाचं नाव घ्यायची, आणि नवऱ्याच्या नावापाशी थोडी जास्त थांबायची.

गाळ काही यंदाचाच नव्हता. खाण वर सरकत गेली तसा तो दर पावसाळ्यात थोडाथोडा येतच होता. आणि नेहेमी गेली कित्येक वर्षं सांगत होता की या रानातल्या कोनफळाला लोखंडाची चव लागते. गावच्या प्रमुखाच्या बैठकीत सांगितलं, नगरसभेच्या माणसांना सांगितलं, चर्चमधल्या मिस्सेनंतर पाद्रीबाबांनाही सांगितलं. लोक ऐकून घ्यायचे. त्याची बहीण फिलोमेन मात्र तोंडावर बोलायची. "दादाच्या तोंडात दात उरलेत चार. त्यातला एखादा लोखंडाचा असेल, बघ गं वहिनी."

यंदा मात्र गोष्ट पुढे सरकली होती. गाळ अडवायला एक बांध घालायचं खाणीने कबूल केलं होतं. एकच. तो यांच्या ओढ्यावर घालायचा की उत्तरेकडच्या, हे तपासणीवर ठरणार होतं. धातू नुसता मातीत आहे की खाण्याच्या पिकात उतरलाय, ते बघायला शहरातून सोलेन नावाची झाडांची जाणकार बाई येणार होती.

ती आली मार्चमध्ये, नव्या कोनफळाच्या सणाला आठ दिवस राहिले असताना. त्या दिवसांत कोनफळाच्या रानात परक्याने पाऊल टाकायचं नसतं. सोलेनला ते ठाऊक होतं. ती बांधावरच थांबली. तिथली माती घेतली, ओढ्याकाठची पानं घेतली. वेल तोवर वाळून गेले होते, त्यांच्या पानांचा उपयोग नव्हता. तिला कंद हवे होते. नेहेमी आदल्या दिवशीच सणाच्या मासळीसाठी होडीवर गेला होता. रानाचा कर्ता म्हणून त्याने स्वतःच्या हाताने तीन कंद उकरून कोनफळाच्या खोपटात केळीच्या वाळक्या पानावर ठेवले होते, आणि जाताना पेलाजीला दोनदा बजावलं होतं, "डाव्या अंगाचे तीन. तेच दे."

दारात येण्याआधी सोलेनने पेलाजीला ओढ्याच्या वरच्या अंगाला नेलं. तिथे निळ्या चिकाचं झाड होतं. पेलाजी लहानपणी त्या चिकाने गाल रंगवायची. सोलेनने सालीला कोयत्याचं टोक लावलं तसा निळा-हिरवा चीक पाझरला. मग तिने पिशवीतून बंदुकीसारखं एक यंत्र काढलं, पान त्याच्या तोंडाशी धरलं आणि खटका दाबला. यंत्राच्या पाठीवरच्या काचेत रेघ सरकू लागली आणि एका जागी ताडासारखी उंच उभी राहिली.

"हा निकेल," सोलेन म्हणाली. "मी किरण सोडते. पानातला प्रत्येक धातू आपापला उजेड परत टाकतो. लोखंड इथे बोलतं, क्रोम इथे. दुसऱ्याच्या जागी कुणी बोलत नाही."

"आणि झाड मरत नाही?"

"नाही ना. याने धातू पोटात बांधून ठेवलाय. बाहेरून काही कळत नाही, मावशी. पान बघा कसं हिरवंगार आहे."

पेलाजीने पान हातात घेऊन उलटंपालटं केलं. देवाने एकेकाला काय काय पेलायची ताकद दिली आहे, असं तिच्या मनात आलं, आणि तिला ती पोर आवडली.

घरी आल्यावर सोलेनने रीत केली. उंबऱ्याबाहेर उभी राहून मान खाली घातली, निळ्या फुलांचं छापील कापड आणि तंबाखूची पुडी दोन्ही हातांवर धरली, आणि आपण कोण, कुठून आलो, का आलो, ते हळू आवाजात सांगितलं. परकी बाई, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. पेलाजीने कापडाला हात लावून ते स्वीकारलं. आता उलट देणं तिच्याकडे आलं.

ती खोपटात गेली. डाव्या अंगाला ते तीन कंद होते. मुठीएवढे, वाकडे, एकाला दोन फाटे फुटलेले, सालीच्या भेगांत लाल माती मुरलेली. तिने एक उचलला आणि परत ठेवला. असलं कोनफळ आपण कुणाच्या हातावर ठेवायचं? कोनफळ म्हणजे काही रताळं नव्हे, ते माणसाच्या जागी असतं. लग्नात, मयतात, समेटात आपल्या वतीने तेच पुढे जातं. एवढी अदबीने आलेली बाई, तिच्यापुढे नेहेमीच्या घराण्याने हे लुळेपांगळे उभे करायचे?

उजव्या अंगाला, चटईखाली, तिच्या भावाने पाठवलेली कोनफळं होती. इसाय डोंगरापलीकडच्या खोऱ्यात राहायचा. पहिला मान त्या खोऱ्याचा, म्हणून तिथलं कोनफळ आधी निघतं. हातभर लांब, सरळ, अंगावर बारीक मऊ मुळांची लव, पांढरी, काळ्या मातीतली. माहेरची ती भेट होती. सणादिवशी नवऱ्याच्या माणसांपुढे मांडायची म्हणून तिने राखून ठेवली होती.

तिने त्यातली दोन घेतली. यंत्राचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, पण तो पाठीमागे उभा राहिला. पुढे लाज होती. आणि तिला असंही वाटलं की ज्या यंत्राला पानाच्या पोटातलं दिसतं, त्याला खरं-खोटं दिसणारच.

सोलेनने दोन्ही हात पुढे करून कोनफळं घेतली, आणि सहज विचारलं, "खालच्या रानातलीच ना, मावशी?"

देणं हातावर असताना नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं की दिलेलं मोडतं.

"हो," पेलाजी म्हणाली.

ते तीन वाकडे कंद तिने त्याच संध्याकाळी डुकरांना घातले.

सण झाला. मग काढणी लागली. नेहेमी टोकदार लाकडी खणतीने वरंबा उकलायचा, मग खणती बाजूला ठेवून हातांनी माती सारायचा. कंद दिसू लागला की आणखी हळू, झोपलेल्याचं पांघरूण काढावं तसा. पण खालून निघायचं ते मुठीएवढंच. कधी नुसतीच सुकलेली साल. त्याची कंबर संध्याकाळपर्यंत धरायची आणि पेलाजी गरम पानांचा शेक द्यायची. ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस चालू होते. ती एकदाच जेवायची.

नेहेमी मात्र खुशीत होता. "बघू दे त्यांना. माझ्या जिभेला हसत होते. आता यंत्राला हसा म्हणावं." वरच्या माळावर जुनी पडीक जागा होती. तीही त्याने साफ करायला घेतली होती. बांध होवो न होवो, यंदाचं बियाणं वर न्यायचं, खालचं रान काही वर्षं तसंच टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. ते बियाणं त्याच्या आज्यापासून चालत आलेलं, एकाच जातीचं. दुसरीकडे कुठे नव्हतं. रोज सकाळी तो कोयता घेऊन वर जायचा आणि झुडपं तोडायचा.

जूनमध्ये प्रमुखाच्या मांडवात बैठक झाली. बायका चटयांवर मागे बसल्या. सोलेन कागद घेऊन उभी राहिली. कंदांच्या चकत्या कशा वाळवल्या, दळल्या, दाबून वड्या केल्या, आणि तिच्या हातातल्यापेक्षा मोठ्या यंत्राखाली त्या कशा ठेवल्या, हे तिने नीट समजावून सांगितलं. माती लाल आहे, धातूने भरली आहे. पण तशी तर या सगळ्या किनाऱ्याची माती आहे. कोनफळात मात्र तो उतरलेला नाही. कंद स्वच्छ निघाले. बोलताना तिने एकदा नेहेमीकडे बघितलं, आणि तिचा आवाज उतरला.

नेहेमी उठला. चव येते, एवढंच परत म्हणाला. खाणीच्या कचेरीतला माणूस भला होता. त्याने हसू न आणता समजावलं. "वय झालं की जिभेचं असंच होतं, बाबा. माझ्या वडिलांना कॉफी खारट लागायची." मांडवात हशा पिकला. वाईट हसू नव्हतं ते. पण नेहेमी खाली बसला तेव्हा त्याला आपली जागा सापडेना, दुसऱ्याच्याच चटईवर बसला. बांध उत्तरेच्या ओढ्यावर ठरला.

मागे चटईवर फिलोमेन पेलाजीच्या कानाशी लागली. "सुटलं बाई एकदाचं. आता तरी जेवताना तोंड वाकडं करणार नाही." पेलाजीच्या मांडीवर माळ होती. मणी बोटांत धरला होता, पण तो पुढे सरकत नव्हता.

तिला वाटलं होतं, नवरा चिडेल, आदळआपट करेल, कागद खोटा म्हणेल. तसं त्याने केलं असतं तर तिच्या तोंडून खरं निघूनही गेलं असतं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ताटातलं कोनफळ त्याने निमूट खाल्लं. चघळून, थांबून, परत चघळून. "काही नाही लागत," म्हणाला. त्यानंतर तो रोज तसंच म्हणायचा, कुणी विचारलेलं नसताना. मीठ जास्त झालंय का, हेसुद्धा तिला विचारायचा. इतकी वर्षं वाऱ्याच्या वासावरून पाऊस सांगणारा माणूस, आता आभाळाकडे बघून शेजाऱ्याला विचारायचा, "येईल का रे?"

पेलाजीने जुलैत शुक्रवारचा कडक उपास धरला. मग बुधवारचाही. प्रार्थनेत ती सगळं सांगायची, फक्त ते सोडून. पाद्रीबाबा महिन्याने एकदा यायचे. त्यांच्यापुढे गुडघे टेकून तिने रागाचं पाप सांगितलं, आळसाचं सांगितलं, आणि उठली.

ऑगस्टमध्ये लावणीचे दिवस आले. एके सकाळी तिने बघितलं, तो बियाण्याच्या टोपल्या घेऊन खालच्या रानाकडे चालला होता.

"वर नाही का न्यायचं?" तिने विचारलं.

"वर कशाला? जागा अजून निम्मी साफ करायचीय. आणि रान स्वच्छ आहे म्हणतात." तो टोपली खांद्यावर नीट बसवत म्हणाला, "उगाच इतकी वर्षं माझ्या नादाने सगळ्यांना कुजकं वाटायचं. आपलंच अन्न."

ती त्याच्यामागून गेली. दोघांनी वरंबे बांधले. तो माती ओढायचा, ती थापटायची. बियाण्याचा एकेक तुकडा त्याने राखेत बुडवून, डोळा वर करून मातीत ठेवला. दिवस गेले, रान भरत आलं. रोज ती मनाशी म्हणायची, हा वरंबा झाला की सांगू. वरंबा व्हायचा आणि तो पुढचा धरायचा. त्या बोललेल्या एका शब्दापेक्षा आता हे न बोलणं मोठं झालं होतं, आणि ते तिला रोज दिसत होतं.

ऑक्टोबरात पहिले कोंब जमिनीबाहेर आले, तांबूस, बोटाएवढे. नेहेमी उकिडवा बसून त्यांच्याकडे बघत होता. पेलाजी त्याच्या पाठीशी उभी होती. समोरून तिला सांगता आलं नसतं.

"अहो, ते कोनफळ या रानातलं नव्हतं."

तो वळला नाही.

"तिला मी इसायदादाची दिली. लांबडी दोन. तुमची तीन बघून मला लाज वाटली."

 तो हाताने एका कोंबाभोवतीची माती सारखी करत होता, जी आधीच सारखी होती. मग म्हणाला, "म्हणजे चव होती."

"होती."

"मग आता?"

"मी सांगते सगळ्यांना."

"तू कशी सांगशील," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "माहेरच्या कोनफळाचं पीठ करवलंस. हे तुझ्या भावाला आधी सांगावं लागेल. तो बोलला तर बैठक ऐकेल."

म्हणून ती डोंगर ओलांडून गेली. एक दिवसाची वाट. माहेरच्या दारात परक्यासारखी बाहेर उभी राहिली, कापड हातांवर धरलं आणि मान खाली घालून सांगितलं. इसाय तिच्यापेक्षा मोठा, गुडघ्यांनी अधू झालेला. त्याने सगळं ऐकलं. "भेटीचं कोनफळ सुरीखाली घातलंस?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. त्याने कापड उचललं नाही. त्याच्या बायकोने पाणी आणलं, ते पेलाजीने घेतलं. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला तो उठला, कापडाची एक कड उचलून खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "उद्या निघू. माझे गुडघे बघून चाल."

मांडवात इसाय बहिणीच्या वतीने उभा राहिला. तिने काय केलं ते त्याने तिखटमीठ न लावता सांगितलं. तिने आमचं कोनफळ तुमचं म्हणून दिलं, ही चूक आमच्या घरची, असंही म्हणाला. तेव्हा नेहेमी उठला. "चूक माझ्या घरची. मी होडीवर गेलो, द्यायचं काम बाईवर टाकलं. ते वाकडे कंद मीच पुढे करायला हवे होते. मलाही त्यांची लाज वाटत होती, म्हणूनच मी गेलो." हे पेलाजीला ठाऊक नव्हतं. ती मागे चटईवर होती, तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. फिलोमेन पहिल्यांदाच थट्टा न करता सरकून जवळ बसली.

सोलेनला बोलावलं. ती आली, आणि चूक आपलीसुद्धा आहे, आपण रीतीच्या मध्येच प्रश्न विचारायला नको होता, असं म्हणाली. खोपटाच्या तळाशी गेल्या काढणीतले चार सुकलेले कंद उरले होते. यावेळी नेहेमीने ते स्वतः तिच्या हातावर ठेवले. पंधरा दिवसांनी कागद आला. कागदावर दोन रेघा उभ्या होत्या, एक निकेलची, एक क्रोमची, त्या झाडाच्या पानाइतक्या उंच नव्हेत, पण खाण्याच्या पिकात असायला नकोत एवढ्या. सोलेनने त्या बोटाने दाखवल्या. नेहेमीने मान हलवली. कुणी त्याची माफी मागितली नाही आणि त्यालाही ती नको होती.

उत्तरेच्या ओढ्यावर तोवर सिमेंट पडलं होतं. कचेरीतल्या माणसाने सांगितलं, तुमची नोंद वर पाठवली आहे, पुढच्या वर्षाच्या यादीत बघू. पावसाळ्याला महिना राहिला होता.

दोघांनी बियाणं हलवायला काढलं. ज्यांना कोंब फुटला नव्हता ते तुकडे निघाले, मातीसकट टोपलीत ठेवून वर माळावर नेले. निम्मी साफ केलेली जागा त्यांना पुरून उरली. पण बहुतेकांना कोंब आले होते, मुळं सुटली होती. नेहेमीने एक काढून बघितला. मुळं तुटली, कोंबाने मान टाकली. दुसरा बघितला, तोही तसाच. मग तो थांबला.

"राहू दे," म्हणाला.

पेलाजी रिकामी टोपली घेऊन उभी राहिली. आज्यापासूनचं बहुतेक बियाणं खालच्या रानात होतं, आता ते तिथेच वाढणार होतं आणि लाल गाळ पिणार होतं. तिला बसून रडावंसं वाटलं, पण ती बसली नाही.

तासाभराने तो ओढ्याकडून वेताच्या उंच काठ्यांचा भारा घेऊन आला. रानाच्या पहिल्या वरंब्यापाशी टाकला, एक काठी उचलली आणि कोंबाशेजारी रोवू लागला.

"आता कशाला?" ती म्हणाली. "खाणार कोण?"

"कोणी नाही." त्याने काठी दोन्ही हातांनी दाबली. "ती बाई फेब्रुवारीत येणार आहे. वेल हिरवे असताना. पुढच्या वर्षाच्या यादीसाठी तिला पानं लागतील." मग थोडं थांबून, काठीकडेच बघत म्हणाला, "आणि लावलंय आपण. चढायला तर दिलं पाहिजे."

काठी मऊ गाळात ठरत नव्हती, एका अंगाला कलत होती. पेलाजीने टोपली खाली ठेवली, पुढे होऊन काठी सरळ धरली. तो बुंध्याशी माती ठोकत राहिला.